हिरव्या सुतळीचा माल

जळण आधी धुवायचं आणि मग जाळायचं, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. तिला आता सवय झाली आहे. ती म्हणते, "व्हय, धुतात. इस्त्री तेवढी करत न्हाईत."

माझा कारखाना कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात, ठाणाकुशनूरच्या शिवारात आहे. गाव त्याला कारखाना म्हणतं म्हणून मीही म्हणतो. खरं तर दोन पत्र्याची शेडं, चार सिमेंटचे हौद, वाळवणाचं मोठं पटांगण आणि दाब देऊन कांड्या पाडणारं एक यंत्र, एवढाच पसारा. आमच्या भागात रास झाली की शेतात तुराट्या उरतात, सोयाबीनचं भुसकट उरतं, कापूस असेल तिथं पऱ्हाट्या. पूर्वी बांधावर पेटवून द्यायचे. मी ते गोळा करतो, बारीक करतो, धुतो, वाळवतो आणि दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या करतो. बाजारात याला पांढरा कोळसा म्हणतात. तो पांढरा नसतो आणि कोळसाही नसतो, पण नाव ठेवणारा मी नव्हे.

धुवायचं कशासाठी, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी समजवावं लागतं. रोप जमिनीतून क्षार ओढून घेतं. ते त्याच्या वाढीला लागतात, पण जळताना नडतात. राख वितळते, भट्टीच्या जाळीवर चिकटते, थंड झाली की काचेसारखी कडक होते. वीटभट्टीवाले तिला खंगर म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. जाळीची भोकं खंगरानं बुजली की खालून वारा मिळत नाही. वारा नाही मिळाला की धूर होतो. तांदूळ धुतल्यावर जसं पांढरं पाणी निघतं, तसं भुसकट रात्रभर हौदात ठेवलं की तपकिरी पाणी निघतं. त्या पाण्यात हे क्षार जातात. एवढंच शास्त्र आहे. मी डिप्लोमा केला तिथं हे शिकवलं नव्हतं. मी ते तीन जाळ्या आणि एका बेकरीवाल्याची मर्जी घालवून शिकलो.

तो बेकरीवाला हुमनाबादचा. पहिला माल न धुतलेला होता, त्यात त्याची जाळी गेली. भरपाई म्हणून मी धुतलेला माल दिला. आठ दिवसांनी त्याचा फोन. "अरे साब, धुवाँइच नै आरा. लोगां को कैसा मालूम होना पाव निकला बोलके?" त्याचं गिऱ्हाईक म्हणे धुराच्या वासावर यायचं. शेवटी त्यानं दुकानाच्या दारात एका घमेल्यात दोन ओल्या तुराट्या धुमसत ठेवायला सुरुवात केली. आत माझा बिनधुराचा माल आणि बाहेर जाहिरातीला धूर. मी वाद घातला नाही.

दुसरे माझे शेजारी नरसप्पा. ते कांड्या घेत नाहीत, धुवणाचं पाणी घेतात. हौदाचं पाणी ते पाइप लावून उसाला सोडतात. खत आपोआप जातं. सकाळी कुंपणाशी येऊन विचारतात, "अण्णा, आज चहा कडक हाय का?" मी म्हणतो कडक आहे, तर त्यात साधं पाणी मिसळून घेतात. अंदाज इतका पक्का की माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे ते मी त्यांना दाखवलंच नाही.

अशा गोष्टी मी चारचौघांत नेहमी सांगतो. लोक हसतात, माझंही बरं चालतं. पण या धंद्यातली एक गोष्ट मी दोन वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

आमच्या घरात बसवण्णांना मानतात. हातातलं काम नीट करणं हीच पूजा, असं ऐकत मी वाढलो. आमच्याकडच्या एका मठात रोजचा दासोह चालतो. म्हणजे येईल त्याला जेवण. जात विचारत नाहीत, नाव विचारत नाहीत. मठाच्या शाळेची मुलंही तिथंच जेवतात. त्या मुदपाकखान्याला मी जळण पुरवायला लागलो, तेव्हा वाटलं आता आपल्या धंद्याला अर्थ आला. पूर्वी तिथं बाभळीची लाकडं जळत. भाकरी करणाऱ्या बायकांचे डोळे कायम लाल असायचे. माझा माल सुरू झाल्यावर तो धूर गेला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं सांगायचं तर आधी हेही सांगायला हवं.

तिथली मोठी चूल मल्लप्पांच्या ताब्यात होती. चूल म्हणजे खाली जाळी, वर तीन प्रचंड पातेली आणि मागे भात शिजवायला वाफेची टाकी. मल्लप्पा मूळचे अफझलपूर तालुक्यातल्या करजगीचे. तिकडं कानडीबरोबर मराठीही चालते. तरुणपणी मठात आले ते चुलीपाशीच राहिले. उंच, हाडकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि डाव्या हाताच्या केसांचा पत्ता नाही, सगळे आचेनं गेलेले. थर्मामीटर बसवून देऊ का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांनी तो डावा हात चुलीच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "हे काय हाय मग?"

मठाचा एक दंडक होता. दासोहाची चूल विझू द्यायची नाही. कमी करायची, राखेखाली झाकायची, पण थंड पडू द्यायची नाही. कितीतरी वर्षांपासून ती तशी होती असं म्हणत. मल्लप्पांच्या हयातीत तर नक्कीच.

माझ्या मालाच्या पोत्यांना दोन रंगांची सुतळी असते. धुतलेल्या मालाला हिरवी, न धुतलेल्याला पांढरी. पांढऱ्या सुतळीचा माल वीटभट्टीला चालतो. मठाला कायम हिरव्या सुतळीचा.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. तुराट्या कमी निघाल्या म्हणून सोयाबीनचं भुसकट जास्त घालावं लागलं, आणि भुसकटात तर क्षार जास्त. म्हणजे जास्त धुवायला हवं होतं. आणि पाणी नव्हतं. माझी बोअर तेवढी चालत होती, तीही तासाभरात दम टाकायची. गावातल्या बायका घागरी घेऊन यायला लागल्या. मी बोअर गावाला दिली आणि हौद कोरडे ठेवले.

ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस स्वतःला अशी सांगत असे: लोकांना पाणी पाजलं म्हणून माल धुता आला नाही. ते खरंच आहे. पण पाणी पाजलं म्हणून सुतळी हिरवी बांधायला कुणी सांगितलं नव्हतं. पोती शिवणाऱ्या बाईनं मला विचारलंही होतं, "अण्णा, हा माल धुतला न्हाई. पांढरी बांधायची न्हवं?" मी म्हणालो, "हिरवीच बांधा." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि हिरवी बांधली.

मठाला फोन करून सांगता आलं असतं, यंदा पाणी नाही, काही दिवस लाकूड वापरा. त्यांनी सहज मानलं असतं. पण एकदा मठ लाकडावर परत गेला तर पुन्हा येईल का, ही भीती. आणि एकदोन खेपांनी काय होतंय, हा दुसरा विचार. पहिल्यापेक्षा तोच जास्त वाईट होता.

हे पहिल्यांदा ओळखलं शांताक्कानं. शांताक्का मठात भांडी घासते. घासायला चुलीचीच राख वापरते. माझा माल सुरू झाल्यापासून तिची माझ्यावर एक तक्रार होती की तुमच्या जळणाची राख कामाची नाही, नुसती माती. आणि तिचं बरोबरच होतं. भांडं साफ होतं ते राखेतल्या क्षारानं, आणि क्षार तर मी आधीच नरसप्पांच्या उसाला पाजलेला असायचा. त्या वर्षी मठाच्या जत्रेच्या आधी आठेक दिवस मी तिथं गेलो, तर शांताक्का आवारातूनच ओरडली, "अण्णा! ह्या बारीला राख लई झ्याक हाय बगा! हात लावला की बुळबुळ. पातेली कशी चमकायलीत!"

तिनं एक पातेलं उचलून मला दाखवलं. त्यात माझं तोंड दिसत होतं. मी हसलो आणि म्हणालो, "चला, एकदाची खूश झालीस."

तिचं कौतुक संपायच्या आत मल्लप्पा बाहेर आले. हातात सळई.

"अण्णा, माल त्योच हाय न्हवं?"

"तोच की. का?"

"जाळीवर काच धरायलीय. सळईनं फोडायलोय, पुन्ना धरायलीय. आदी कदी अशी धरत नव्हती."

मला त्याच क्षणी सगळं माहीत होतं. समोर चकचकीत पातेली रचलेली होती. जत्रेला आठ दिवस होते. आणि मी म्हणालो, "माल तोच आहे मल्लप्पा. तुम्ही आच जास्त देताय. जास्त आच दिली की राख वितळते."

अर्धं शास्त्र खरं होतं, म्हणून ते खोटं इतकं सफाईनं निघालं. मल्लप्पांनी डाव्या हाताकडे बघितलं. "जास्त द्यायलोय?" ते म्हणाले. "असंल. वय झालं आता. हाताला कळत नसंल." आणि आत गेले.

जत्रेच्या दिवशी मी पंगतीत बसलो होतो. दुपारची पहिली पंगत, मंडपभर माणसं. पानावर मीठ वाढून झालं होतं, लोणचं वाढून झालं होतं. पुढं काही येईना. मुलं मिठाशी खेळायला लागली. कुणीतरी म्हणालं, भाताला उशीर झाला वाटतं. मग मुदपाकखान्याच्या दारात मल्लप्पा आले. तोंड काळं, हातात फावडं. मठाच्या कोठीचे कारभारी तिथं उभे होते. त्यांना मल्लप्पांनी सांगितलेलं मला पंगतीतून ऐकू आलं. त्यांनी आवाज बारीक केलाच नव्हता.

"चूल थंड झाली."

झालं होतं ते असं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आठ दिवस आच कमी ठेवली होती. जाळीवर खंगर वाढतच होता, कारण दोष आचेत नव्हताच, मालात होता. वारा दिवसेंदिवस कमी होत गेला. जत्रेच्या दिवशी तिन्ही पातेली चढली, मोठा जाळ हवा होता, आणि खाली भाकरीएवढी जाड काच बसलेली. आग गुदमरली. खंगर फोडून काढायचा म्हणजे सगळी चूल उपसावी लागणार होती. त्यांनी ती उपसली.

बाहेर तीन दगडांच्या चुली मांडून, गावातून लाकडं आणून, दुपार कलताना जेवण झालं. कुणी उपाशी गेलं नाही. पण माणसं आपसात एकच वाक्य बोलत होती, ते जेवणाबद्दल नव्हतं. दासोहाची चूल विझली. मी माझ्या पानापुढं बसून होतो. उठून दोन पावलं गेलो असतो आणि चार शब्द बोललो असतो तर तिथंच संपलं असतं. मी भात मागून घेतला.

पंधरा दिवसांनी कळलं, मल्लप्पा मठ सोडून करजगीला गेले. मी स्वतःला सांगितलं, वय झालं होतं, जाणारच होते. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, हौद भरले. हिरवी सुतळी पुन्हा खरी झाली. मठानं तोवर गॅस घेतला होता. मला त्याचा राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. आता तिकडं जायचं कारणच नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. एक दिवस शांताक्का मला औरादच्या बाजारात भेटली. राखेचा विषय तिनंच काढला. गॅसमुळं आता साबण घ्यावा लागतो. मग मी विचारलं, मल्लप्पांचं काय?

"त्येंचं काय इचारता अण्णा. स्वताहून गेले. कारभाऱ्यानं थांबवलं, स्वामींनी थांबवलं. म्हणाले, माज्या हाताला आच कळत न्हाई, मी चुलीपशी बसायच्या लायकीचा न्हाई. घरीबी चुलीपशी बसत न्हाईत म्हणं. आन् पोरीचे तर हालच."

"पोरीचे?"

"सुवर्णा की. जेवरगीकडं दिलीय. सासूला कळलं, दासोहाची चूल हिच्या बापानं इजवली. मग काय. दूध उतू गेलं, बापाचा गुण. भाकर करपली, बापाचा गुण. पोरगी पोटुशी हुती, तवा सासूनं तिला चुलीला हात लावू दिला न्हाई. अपशकुन म्हणं."

शांताक्का पुढं मिरच्यांचा भाव करायला लागली. मी तिथंच उभा होतो. मला तोवर वाटत होतं की मी एका म्हाताऱ्याचा गुन्हेगार आहे. त्या मुलीला मी कधी बघितलंही नव्हतं, आणि ती दोन वर्षं माझ्या सुतळीचा मार खात होती.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो, ती म्हणेल की जाऊ दे, तुमचा हेतू वाईट नव्हता. ती म्हणाली, "सकाळची पैली बस किती वाजता हाय, बगा."

औरादहून बिदर, बिदरहून कलबुर्गी, तिथून अफझलपूर, तिथून करजगी. वाटेत मी काय बोलायचं ते चार प्रकारे जुळवलं. प्रत्येक प्रकारात दुष्काळ आधी येत होता. करजगीत उतरेपर्यंत मी दुष्काळ काढून टाकला.

मल्लप्पा घरापुढं लिंबाखाली बसून दोरखंड वळत होते. मला बघून उठले, हात जोडले. "अण्णा! इतक्या लांब? बसा, बसा." पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी न पिता सांगून टाकलं. तो माल धुतलेला नव्हता. हिरवी सुतळी मी बांधायला लावली. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. आच बरोबर होती, हात बरोबर होता. चूल माझ्यामुळं विझली.

त्यांच्या हातातला दोर तसाच राहिला. मग एकेक विचारायला लागले, जसा कुणी हरवलेल्या वस्तूचा माग काढतो.

"सुतळी हिरवी हुती न्हवं?"

"हिरवी होती."

"म्या म्हटलं हुतं, काच धरायलीय."

"म्हणाला होतात."

"तू काय म्हणालास?"

आजवर ते मला तुमी म्हणत आले होते. "मी म्हणालो, तुम्ही आच जास्त देताय."

"जास्त हुती?"

"नव्हती."

ते घराकडे तोंड करून ओरडले, "गंगव्वा! भायेर ये." त्यांची बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. "आता परत सांग," मला म्हणाले. मी परत सांगितलं, पहिल्यापासून. गंगव्वा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "दोन वर्सं लागली व्हय अण्णा, अवरादहून करजगीला यायला? बस लईच हळू दिसतीय तुमच्याकडची."

मला वाटलं आता शिव्या येतील. मी तयारही होतो. शिव्या आल्या असत्या तर मी लवकर सुटलो असतो. मल्लप्पा आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले. "चल," म्हणाले.

"कुठं?"

"चल की."

आधी शेजारच्या घरी नेलं. तिथं एक म्हातारे बाजेवर होते. मल्लप्पा त्यांना म्हणाले, "काका, हे अवरादचे अण्णा. काय म्हणायलेत ऐका." आणि माझ्याकडे बघून, "सांग." मी सांगितलं. मग न्हाव्याच्या दुकानात. तिथं एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता, तो तसाच बसून ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "पण जळण धुतात कामून?" मल्लप्पा चिडले. "त्ये मागनं इचार. आदी चूल कुणामुळं इजली त्ये ऐक." मग देवळाच्या कट्ट्यावर, तिथं सातआठ जण होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मठात गेलो. कोठीचे कारभारी ऐकून गडबडले, म्हणाले, "जाऊ द्या मल्लप्पा, झालं गेलं."

"जाऊ कामून देऊ?" मल्लप्पा म्हणाले. "थंड पडली तवा कुणी जाऊ दिलं?"

दुपारची पंगत बसली होती. जत्रा नव्हती, पन्नासेक माणसं आणि शाळेची मुलं. कारभाऱ्यांनी मला पुढं उभं केलं आणि मी पुन्हा सांगितलं. मुलांना काही कळलं नाही, ती जेवत राहिली. मोठ्यांनी हात थांबवले. संपल्यावर एक आजोबा म्हणाले, "बरं. आता बसा, जेवा." मी बसलो. मल्लप्पा माझ्या शेजारी बसले नाहीत. ते आत गेले, जिथं त्यांची चूल होती. आता तिथं गॅसच्या शेगड्या आहेत. ते तिथं किती वेळ होते आणि काय करत होते, मला माहीत नाही. मी आत जायचं धाडस केलं नाही. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "जाळी बाजूला काढून ठेवलीय. चांगली हाय अजून."

मी त्यांना बिदरपर्यंत सोडायला गेलो, त्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरलाही थांबवलं. "अण्णा, ह्येंला सांग." कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकिटं राहिलीत माझी." "काढ की तिकिटं, कान मोकळे हायत न्हवं?" मी बिदरपर्यंतच्या बसमध्ये, उभ्या माणसांच्या गर्दीत, चूल माझ्यामुळं कशी विझली ते सांगितलं. एका बाईनं मला बसायला जागा दिली. तिला वाटलं मला बरं नाही.

त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क आहे असं वाटत नाही. धंदा चालू आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी पांढरी सुतळी बांधतो आणि गिऱ्हाईक गेलं तर जाऊ देतो. दोन गेलेही. हे मोठेपणाचं काम नाही. जे पहिल्या दिवसापासून करायचं होतं ते उशिरा करतोय, एवढंच.

मल्लप्पा कधी फोन करतात. मागच्या आठवड्यात केला, तेव्हा मी हा लेख लिहीत होतो. त्यांना सांगितलं, सगळं लिहून छापायला देतोय, दिवाळी अंकात.

"माजं नाव घातलास?"

"घातलंय. काढू का?"

"कामून काढायलास? असू दे." मग म्हणाले, "मराठीत छापणार न्हवं?"

"मराठीत."

"मग जेवरगीकडं कोण वाचणार? सुवर्णाच्या सासूला मराठीचं अक्षर येत न्हाई. सोमवारी ये. तिच्या तोंडावर सांगायचं."

मी म्हणालो, मल्लप्पा, तिथं तर आपण सगळ्यात आधी जायला हवं होतं. लेकीचं घर. मला वाटलं होतं, तुम्हाला मला तिथं न्यायचंच नाही.

"आदी कसं नेऊ? करजगीत पैल्यांदा बोललास, तवा तत पप करत हुतास. तिची सासू लई खमकी हाय, दोन सवालांत तुला गप करंल. म्हणून तर तुला आदी चार जागी फिरवलं. मठात बरं बोललास. बसमध्ये त्याहून बरं."

"पण तिथं कानडीत सांगावं लागेल. माझं कानडी..."

"वाईट हाय, ठावं हाय मला," मल्लप्पा म्हणाले. "तू बोल. चुकलं तर मी बाजूला हायच, दुरुस्त करीन."